सत्तावीस ग्रॅम

रुवीत, पायरी उतरल्यावर डाव्या हाताच्या दुकानात
एकाच मापाचे सेल टांगले होते दोन पाकिटांत.
एकावर लिहिलेलं तीन हजार तीनशे,
दुसऱ्यावर नुसतं दोन हजार, आणि किंमत दुप्पट.
दुकानदार म्हणाला, मोठा आकडा घ्या, भाईसाब.
पैसे खोलीतल्या चौघांचे.
चौघांच्या पैशाने चुकायचा मला धीर होत नाही,
म्हणून दोन्ही घेतले.

मत्रहच्या सोनाराकडे बिरू यमगर कामाला आहे,
आटपाडीचा, तिसरी पिढी भट्टीपुढे.
त्याच्या काट्याला मुंगीचं पाऊलही कळतं.
दुपारी बाजार निजलेला असताना
त्याने शटर गुडघ्याइतकं उचलून मला आत घेतलं
आणि सेल काट्यावर ठेवला
दोन बोटांनी, मोडीला आलेल्या मण्यासारखा.
सोळा ग्रॅम.
मग दुसरा. सत्तावीस.
"ह्यो तेहतीसशेवाला पोकळ हाय, गड्या.
आकडा काय, कागदावर कुनीबी लिवतंय."
असं म्हणाला आणि काटा पुसून घेतला,
सोन्याला सेलाचा वास लागू नये म्हणून.

चार्जर मात्र पावसकरांचा.
मार्चमध्ये ते कायमचे हर्णैला गेले
आणि दाराच्या मागे पुठ्ठा ठेवून गेले, निळ्या शाईचा:
जोडी फोडू नये. क-शी क, ख-शी ख.
म्हातारा आणि जवान एका टॉर्चमध्ये घातले
तर म्हातारा आधी रिकामा होतो, जवान त्याला तसाच रेटतो,
आणि म्हातारा आतल्या आत उलटा होतो.
तासाभरात भरतो म्हणणारा चार्जर आणू नये.
रात्र जाऊ द्यावी. पोट भरलं की सेल स्वतःच सांगतो,
हाताला कोमट लागतो.
भिंतीवरच्या घड्याळाला हे लावू नयेत,
त्याला साधा सेल. ते घोट घोट पितं.

कुंजुमोनला मराठी येत नाही,
पण क ओळखतो तो. गाठ मारलेली दोरी म्हणतो त्याला.
ग जोडी जुलैत गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली
आणि गेली. तिला कुणी काही म्हटलं नाही.
एकदा एसीच्या डक्टमध्ये पोटावर सरकताना
तो म्हणाला, आपणही असेच रे,
वर्षातून तीस दिवस घरी जाऊन भरायचं.
मी म्हटलं, गप, टॉर्च सरळ धर.

पोकळ सेल फेकवेनात. पैसे चौघांचे.
मी पुठ्ठ्याकडे पाठ करून
त्यातला एक घड्याळात घातला.
ते घड्याळही पावसकरांचंच, हर्णैच्या वेळेवर लावलेलं,
आमच्या दीड तास पुढे.
नऊ दिवस बरं चाललं.
मग काटे जड झाले, पाच मिनिटं, वीस मिनिटं,
आणि एका शुक्रवारी
हर्णैची वेळ मागे मागे पडत
मस्कतला येऊन मिळाली.
अर्धा दिवस आम्हा चौघांनाही
त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

मीच फोन लावला शेवटी. बरोबर वेळ विचारायला, असं म्हटलं.
पावसकर हसले नाहीत. मागे कुणीतरी मासळीचा भाव करत होतं.
"क जोडी चालते का अजून?"
चालते, पण टॉर्चला तासभरही पुरत नाही.
जरा वेळ गेला.
"मग तिला रिमोटमध्ये घाला," म्हणाले,
"काढू नका एकदम."

घड्याळात आता साधा सेल आहे.
क रिमोटमध्ये. दिवसातून दोन बटणं,
एक झोपताना, एक पहाटे कुणाला थंडी वाजली तर.
तेवढं तिला होतं.